रोज सकाळी पुसलेला थेंब

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचं ऑइल सील आहे. नाव ऐकून तुम्हाला काही बोध झाला नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. लोक मोटारीच्या रंगाबद्दल बोलतात, आवाजाबद्दल बोलतात. माझी आठवण त्यांना होते ती मी बिघडल्यावरच. तळहातावर मावेल एवढं काळं रबरी कडं म्हणजे मी. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, जिथे फिरणारी पुली बाहेर येते, तिथे तिच्या दांड्याला घट्ट धरून बसायचं आणि आतलं तेल बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ते मी बावीस वर्षं केलं. कारखान्यातून निघताना तपासणाऱ्या बाईंनी माझ्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि "हे चांगलं आहे" म्हणाल्या. आयुष्यात मिळालेली शाबासकी तेवढीच.

ती मोटार एका घड्याळजींची होती. घरात लेक आधी आली आणि मोटार नंतर, म्हणून घड्याळजींची बायको मोटारीला 'धाकटी' म्हणायची. दर रविवारी दोघं धाकटीतून धरणाच्या भिंतीपर्यंत जायची, थर्मासमधला चहा प्यायची आणि परत यायची. लेक लग्न होऊन दूर गेली, तरी हा नेम चुकला नाही.

आता माझा गुन्हा सांगतो. मी रबराचा आणि पुली पोलादाची. तरीही इतकी वर्षं एकाच जागी घासून घासून मी तिच्या दांड्यावर एक बारीक खाच पाडली. पुढे मी वाळलो, कडक झालो, आणि त्या खाचेतून तेल झिरपू लागलं.

त्याच सुमारास घड्याळजींची जवळची नजर अंधुक झाली आणि बोटांची टोकं बधिर झाली. दुकान बंद झालं. काम करताना शिट्टी वाजवायची त्यांना सवय होती, तीही गेली. दिवसभर ते खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत राहायचे. त्यात लेकीचा फोन आला. "बाबा, तेल गळतंय ना? आता पुरे झाले धाकटीचे लाड. पुढच्या महिन्यात येते, तेव्हा विकून टाकू."

"मी माझ्या हातांनी दुरुस्त करतो," घड्याळजी म्हणाले. "नाही जमलं तर खुशाल वीक."

नवं सील आणायला ते धाकटीतूनच मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. मिस्त्री म्हणाले, "काका, बसवायच्या आधी पुलीच्या दांड्यावरून नख फिरवून बघा, आणि जर का..."

"चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात मी," घड्याळजींनी त्यांना मध्येच तोडलं. मिस्त्रींनी नवं सील काढून त्यांच्या हातात ठेवलं. म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

पण मित्रांनो, काम मात्र बघण्यासारखं झालं. घड्याळजींनी पुलीवरचा पट्टा उतरवला, पुली काढली. मला उपटण्याआधी मी किती आत बसलोय ते मापून घेतलं, आणि बायकोकडून आकडा दोनदा वाचून घेतला. नव्या सीलच्या कडेला बोटाने तेल लावलं आणि लाकडाचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी हलकं हलकं ठोकत त्याला नेमकं माझ्याच जागी पोहोचवलं. घड्याळ उघडलं की जे जसं होतं तसंच परत बसवायचं, हा त्यांचा धर्म. दांड्यावरचा चकाकता पट्टा त्यांना अंधुकसा दिसला. त्यांना वाटलं, हीच सीलची घासून गुळगुळीत झालेली जागा. ती माझी खाच होती. मी जमिनीवर पडून सगळं बघत होतो आणि मला काहीही करता येत नव्हतं.

गिऱ्हाइकाला काढलेला जुना भाग परत द्यायचा, अशी त्यांची रीत. त्यांनी मला बायकोच्या हातात ठेवलं. "हे घ्या बाई, तुमचा जुना माल." ती हसली. तिने मला शेडमधल्या खिळ्याला अडकवलं. त्या दिवशी घड्याळजींनी शिट्टी वाजवली.

पाचव्या दिवशी सकाळी ती झाडायला आली, तर धाकटीखाली एक थेंब पडलेला. आतून शिट्टी ऐकू येत होती. तिने जुन्या सदऱ्याचा तुकडा घेतला, खाली बसली आणि थेंब पुसून टाकला.

मग हे रोजचंच झालं. ते उठायच्या आत ती यायची आणि पुसून जायची. उभ्या गाडीखाली थेंबच पडतो, पण गाडी धावताना धार लागते, हे तिला कुठून ठाऊक असणार? रविवारी निघताना घड्याळजी तेल मोजायची पट्टी बाहेर काढून तिच्यापुढे धरायचे, कारण त्यांना रेघ दिसत नसे. "आहे का गं रेघेपर्यंत?" पहिल्या रविवारी तेल होतं. दुसऱ्या रविवारी कमी होतं, तिसऱ्या रविवारी पट्टीचं टोक जेमतेम ओलं होतं.

"आहे की," ती म्हणाली. लेक येऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिच्या मनात असावं. लेक यायला चारच दिवस उरले होते. तेल संपत आलं की लागणारा लाल दिवा तर कधीचाच बिघडलेला.

त्या दुपारी धाकटी मिस्त्रींच्या जीपमागे दोराने ओढली जात परत आली. मिस्त्रींनी बरंच उघडून पाहिलं. "बेअरिंगं जळाली, काका. इंजिन गेलं. आत तेलच नाही." मग त्यांनी घड्याळजींचं बोट धरून त्यांचं नख पुलीच्या दांड्यावरून फिरवलं. नख अडकलं. "ही खाच. सील नखभर अलीकडे बसवायला हवं होतं, म्हणजे कडा कोऱ्या पोलादावर आली असती. तुम्ही जुन्याच जागी नेलंत."

"जसंच्या तसं," घड्याळजी पुटपुटले. मग म्हणाले, "पण तेल आम्ही दर रविवारी बघत होतो." आणि ते दाराकडे वळले. दारात ती उभी होती.

"तुला दिसत होतं?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिट्टी वाजवायला लागला होतात, हो."

घड्याळजींनी भिंगं, चिमटे, पेचकस सगळं एका डब्यात भरलं आणि मिस्त्रींना देऊन टाकलं. लेक आली आणि धाकटी भंगारात गेली.

मी अजून खिळ्यावर आहे. इथून अंगण दिसतं. घड्याळजी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी अजूनही बायकोकडून वाचून घेतात. "दोन चमचे," ती सांगते. ते मान डोलावतात. मग बाटली सदऱ्याखाली लपवून कुंपणापाशी जातात आणि शेजाऱ्याला विचारतात, "जरा बघता का, किती लिहिलंय?" ती खिडकीतून बघते आणि बाजूला होते.

मित्रांनो, खाच पाडणाऱ्याने उपदेश करू नये, हे मला कळतं. तरी एक मागतो. आपल्या माणसाच्या कामाखाली थेंब दिसला, तर तो पुसू नका. त्याला हाक मारा आणि दाखवा. त्याला वाईट वाटेल, शिट्टी थांबेल, थांबू द्या. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.