पोटरी उडायची तेव्हा

नव्या भरतीच्या पोरी परेडनंतर पोटऱ्या चोळत बसल्या की मला दारव्हा रोडवरची पहाट आठवते. काय दिवस होते ते! मी पुढे पळायची आणि मागे सायकलवर माझा बाबा, उकंडा. "पायल, हात हालव, हात! डोक्यावर टोपलं घेऊन चालली का?" असं ओरडायचा. पुढे पोलिसात कवायत घेणाऱ्या एकाही उस्तादाने मला एवढं पिदाडलं नाही. घरी आलं की भिजवलेले चणे आणि गूळ, तेही त्याच्या मोठ्या मुठीने. तसे चणे मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत.

मग तो पाठीवर पंप अडकवून रोजाने फवारणीला जायचा. त्या वर्षी कापसावर अळी इतकी पडली होती की फवारणी संपता संपत नव्हती. संध्याकाळी आला की सदरा न्हाणीत टाकायचा आणि मी तो धुवायची.

एका सकाळी पळून आले, आणि माझी पोटरी आपोआप उडायला लागली. दुखत नव्हती, नुसती कातडीखाली फडफड. दाबून धरली तर मांडी उडू लागली. माझी तर पाचावर धारण बसली. कारण महिन्यापूर्वी शेजारचे नानाजी फवारणीवरून आले, तेव्हा त्यांच्या दंडाचं मांस असंच उडत होतं, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांची बायको तानाबाई येईल त्याला सांगायची, "मांस उडालं का समजाचं, औषध आंगात भिनलं."

पळून पळून पाय थकले असतील, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आला तो बाबाचा सदरा. तो धुताना माझ्या हातांतून विष आत गेलं, याची मला खात्रीच पटली. पोलीस भरती पंधरा दिवसांवर होती. कोणाला सांगितलं असतं तर बाबाने माझं पळणं बंद केलं असतं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं आणि सदरा धुणं सोडलं. नुसता काठीने उचलून दोरीवर टाकायची. सकाळी बाबा तोच घालून जायचा.

दिवसभर मी पोटरीकडे बघत बसायची. जेवताना बाबाला दरदरून घाम यायचा, अर्धी भाकर तशीच राहायची. त्याची पापणी लवायची. "उजवा डोळा लवून राह्यला," तो हसायचा, "तू लागली पोलिसात!" एरवी शकुन-अपशकुनाची टर उडवणारा माणूस! मीही हसायची आणि पुन्हा पोटरीकडे बघायची.

नवव्या दिवशी त्याला माझी पोटरी उडताना दिसली. रोज बुडवून, मला सायकलवर मागे बसवून त्याने दारव्ह्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले, किती पळतेस ते विचारलं आणि म्हणाल्या, "पाणी पी, झोप घे. पळणाऱ्यांचं होतं असं. तुला काही झालेलं नाही."

मला हसूच फुटलं. तेवढ्यात त्यांची नजर घामाने निथळणाऱ्या बाबाकडे गेली. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "फवारणी करता? कपडे रोज धुतलेले घालता का?"

बाबाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो ना. पोरगी रोज धुते."

म्हणजे त्याला माहीत होतं. वासावरून कळत असणारच. तरी रोज तोच सदरा घालत होता, आणि आता माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही धुतला!" मी ओरडले. "आठ दिवस नाही धुतला मी!"

बाईंनी लगेच त्याचा सदरा उतरवला, विषावरची सुई दिली आणि मला रबरी हातमोजे देऊन म्हणाल्या, "साबण लावून अंग धू त्यांचं. आत्ताच्या आत्ता."

त्या दिवशी तो वाचला आणि पुढे चौदा वर्षं जगला. पण मला अजून दिसतो तो दवाखान्यामागच्या नळावर, लेकीसमोर उघडं बसायची लाज वाटून मान खाली घातलेला. मी रडत रडत त्याची पाठ घासत होते. "मी भेली होती, बाबा," एवढंच म्हणत होते.

त्याने ओल्या हाताने मला मागे सारलं.

"बाजूले हो, माय. औषधाचं पाणी हाय. तुह्या पायावर उडून राह्यलं."