ओली बाजू

“तिची जागा तुम्ही खाल्लीत, साहेब. आजारी बाईची जागा खाल्लीत आणि वर मला चहा विचारताय?”

मॅनेजरनं पुढे केलेला कप हातातच राहिला. केबिनच्या काचेपलीकडे हॉस्पिटलच्या चादरी गरम रुळाखालून सपाट होऊन बाहेर येत होत्या. वन्सं ओले हात एप्रनला पुसत दारातच उभ्या होत्या. बसा म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी त्या बसल्या नसत्या.

लाँड्रीत सगळेच त्यांना वन्सं म्हणत. तसं म्हणण्याचा हक्क खरा एकीचाच, त्यांच्या वारलेल्या भावाच्या बायकोचा. ती इथे कामाला लागली, दिवसभर ‘वन्सं, वन्सं’ करत राहिली आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. मॅनेजरही तेच म्हणे. म्हणजे आपण यांचे कोण झालो, याचा त्यानं कधी विचार केला नसावा.

“खाल्ली नाही हो, वन्सं. जागेची गरजच उरली नाही, असं वरचं म्हणणं आहे.”

“उरली नाही म्हणजे?”

“तुमची भावजय ऑपरेशनला गेली. तेव्हापासून एक दिवस तरी चादरी उशिरा पोचल्या? नाही. सहा जणींचं काम पाच जणींत निभतंय. मग सहावीला पगार कशाला, असं ते विचारतात. मी काय सांगू?”

 वन्संकडे सांगण्यासारखं होतं, पण ते आपल्याच गळ्यात येणार हे त्यांना तेवढ्यात कळलं.

पूर्वी ही लाँड्री हॉस्पिटलचीच होती आणि आजारपणाची पगारी रजा मिळत असे. मग हॉस्पिटलनं ती एका कंपनीला चालवायला दिली. मशिनं तीच, बायका त्याच. कंपनीनं पहिल्यांदा काय काढून टाकलं, तर ती रजा. जिथे रोज आजाऱ्यांचे कपडे धुतले जातात, तिथे धुणारीनं आजारी पडायचं नाही. पडलीच आणि काम अडलं, तर तिच्या जागी नवी बाई; जुनी बरी होऊन आली की तिला दार बंद. म्हणून बायकांनी आपली एक रीत पाडली होती. एक आजारी पडली की बाकीच्यांनी तिचं काम उचलायचं. अडू द्यायचं नाही, म्हणजे नवी बाई येणार नाही. ही रीत वन्संनीच घातलेली.

धाकटी, म्हणजे वन्संची ही भावजय, ओल्या बाजूला असे. मशिनमधून चिंब चादरींचे पिळे ओढून काढायचे, ढकलगाडीत भरायचे, गाडी रुळापर्यंत रेटायची. ती गेल्यापासून कोरड्या बाजूच्या बायका पाळीपाळीनं तिकडे पळत होत्या. कुणी चहा सोडून, कुणी डबा अर्धवट टाकून.

“आम्ही तिची जागा राखत होतो,” वन्सं म्हणाल्या.

“फार छान राखलीत. ती रिकामी दिसलीच नाही कुणाला.” तो टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला. त्यानं काचेपलीकडे पाहून आवाज खाली केला. “एक होऊ शकतं. सोमवारी वरचे साहेब बघायला येणार आहेत. तिला येऊ दे. तिची बाजू तिनं दिवसभर एकटीनं चालवून दाखवली, तिथे पूर्ण एका बाईचं काम आहे हे त्यांना दिसलं, तर मी शब्द टाकतो. पण तुमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही. हात लावलात, की पाच जणींत भागतं हे पुन्हा तुम्हीच सिद्ध करून दिलंत.”

“तिचे टाके अजून ओले आहेत.”

“मला कळतं, वन्सं. माझीही जागा वर कोणीतरी बघतच असतं.”

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बायकांना सांगितलं. 

“म्हणजे आपण केली माया आणि गेली तिची नोकरी,” ज्या बाईला तिच्या हुकमी आवाजामुळे सगळ्या सरकार म्हणत, ती म्हणाली. “चांगुलपणा असा अंगाशी येतो बघा. त्यापेक्षा मी आळशी असते तर बरं होतं.”

“आहेसच की,” चिमणी म्हणाली. लहानखुरी, पण जिभेला हाड नसलेली. “तुझा कामचुकारपणा वेळेवर कामी आला नाही, एवढंच.”

हसू आलं आणि लगेच विरलं.

“मग आता आखडू या हात,” सरकार म्हणाली. “सगळ्याच. पडू देत चादरींचे ढीग. कळेल वरच्यांना किती बायका लागतात ते.”

“आणि वरच्यांना कळेपर्यंत वॉर्डातल्यांनी काय करायचं?” चिमणी म्हणाली. “ रक्ताच्या चादरीवर झोपायचं? माझी आई झोपलीय तशी. मी नाही आखडणार.”

सरकारनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवून दिला. 

संध्याकाळी वन्सं भावजयीकडे गेल्या. मनात ठरवून गेल्या होत्या, की येऊ नकोस म्हणायचं. धाकटी मोरीशी उभी राहून पाण्यानं भरलेली बादली उचलत होती. उचलायची, ठेवायची. पुन्हा उचलायची. ओठ दाताखाली.

“हे काय चाललंय?”

“सवय करतेय.” चिमणीचा फोन येऊन गेला होता तर.

“ठेव ती खाली. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“वजन उचलू नका म्हणाले.” धाकटीनं बादली ठेवली, पण कडी सोडली नाही. “वन्सं, त्यांनी पोट शिवून दिलंय. भरून थोडंच देणार आहेत?”

आतल्या खोलीत तिची लेक मोठ्यानं पाढे म्हणत होती. मध्येच चुकली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. वन्सं जे म्हणायला आल्या होत्या, ते न म्हणताच परतल्या.

सोमवारी धाकटी सगळ्यांच्या आधी हजर होती. पोटाला जुनं पातळ घट्ट गुंडाळून त्यावर एप्रन बांधला होता. वरचे साहेब दहाच्या सुमारास आले. स्वच्छ, मृदू बोलणारे. त्यांनी सगळ्यांना नमस्कारही केला. मॅनेजरनं त्यांच्यासाठी खुर्ची मागवली आणि ती ओल्या बाजूपासून जरा लांब ठेवली, शिंतोडे उडू नयेत म्हणून.

दुपारपर्यंत निभलं. धाकटी पिळा ओढायची, गाडीच्या काठावर टेकायची, श्वास घ्यायची, रेटायची. कोरड्या बाजूच्या बायकांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. चिमणी पाठ करून उभी राहिली. सरकार आज कुणावर ओरडली नाही. रुळामागे वन्संनी एकच चादर घडी करून पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली.

जेवणानंतरच्या खेपेला एक पिळा अडकला. चादरी एकमेकींत गुंतून मशिनच्या तोंडाशी घट्ट बसल्या. असं रोज एकदा तरी व्हायचं. तेव्हा कुणीही उठून दुसरं टोक धरायचं, दोघी मिळून हिसका द्यायच्या, झालं. कोणी कोणाला बोलवायचं नसे.

धाकटीनं हिसका दिला. पिळा हलला नाही. तिनं पाय रोवून पुन्हा ओढला आणि तशीच वाकून राहिली. एक हात चादरीत, एक पोटावर.

वन्संचा पाय उचलला गेला.

“येऊ नका, वन्सं.” धाकटी वळली नाही. खाली बघूनच म्हणाली. “तुम्हाला माझ्या लेकीची शपथ आहे. येऊ नका.”

वन्सं थांबल्या. मग त्यांनी हात लांबवून रुळाचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत ते पाळी संपायच्या आधी कधी बंद झालं नव्हतं. एकदम शांत झालं. अर्धवट बाहेर लोंबणाऱ्या चादरींतून पाणी फरशीवर गळत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

“मशीन का थांबलं?” मॅनेजर पुढे आला. “वन्सं, चालू करा ते.”

“तुम्हाला नाही विचारत मी. तुम्ही बाजूला व्हा.” त्या खुर्चीकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. “साहेब, त्या चादरीचं एक टोक तिच्या हातात आहे. दुसरं मी धरलं तर तिची नोकरी जाते. नाही धरलं तर तिचे टाके जातात. मला दोन्ही करता येतं. मी कमी शिकलेली आहे, मला यातलं बरोबर काय ते कळत नाही.”

वरच्या साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर फरशीवरच्या पाण्याकडे पाहू लागला.

“हे बघा, असं मला एकदम—”

“एकदमच सांगा. ती वाकून उभी आहे. तिचं दुसरं टोक धरू की नको?”

साहेबांनी खिशातून फोन काढला.

“तो ठेवा. मी तुम्हाला विचारलंय. धरू की नको? बोला.”