पाड्यावरून पुढे गेलेली केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. हरसूलच्या रस्त्याकडेला जमिनीत पुरलेली आहे, ते बरंच आहे म्हणा. तोंड दाखवायची मला लाज वाटते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी मिजास काही विचारू नका! माझ्या पोटात काचेचे केसासारखे बारीक बारा धागे आहेत. एकेका धाग्यातून प्रकाश धावतो आणि त्याच्याबरोबर हजारो माणसांचं बोलणं. २००५ साली मला डोंगरावरच्या मोबाइल टॉवरपर्यंत न्यायचं ठरलं. माझ्यासाठी चर खणला तो वाटेतल्या पाड्यावरच्या भागीबाईने आणि तिच्या सोबतिणींनी. जमीन कसली, खडकच तो. हाताला फोड आले तरी त्या खणत राहिल्या.

"सायब, आमचे पाड्याला बी मिळंल ना ह्यातलं काय?" भागीबाईने विचारलं.

नाशिक रोडचे तरुण इंजिनियर बुद्धभूषण यांना ते पटलं. मोठे साहेब आले तेव्हा बुद्धभूषण यांनी नकाशा पुढे केला. "सर, टॉवरला दोनच धागे लागतात. इथे उरलेले धागे बाहेर काढायला एक जोडपेटी ठेवली, तर पुढे घरांना इंटरनेट देता येईल."

"आपलं काम टॉवरपुरतं. घरांचं काम ज्यांचं असेल ते बघतील," साहेब म्हणाले.

मी पाड्यासमोरून सरळ पुढे गेले. टॉवरपाशी नारळ फुटला, माझं कौतुक झालं. दोन धागे राबू लागले, दहा नुसते लोळत पडले.

चार वर्षांनी भागीबाईची आशा बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. प्रवेशाचा अर्ज इंटरनेटवरूनच भरायचा होता, म्हणजे नाशिक गाठणं आलं. एकदा ती गेली, तर तिथली वीज गेलेली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती पुन्हा रस्त्यावर आली. जीपा भरभरून निघून गेल्या, तिला जागा मिळालीच नाही आणि अर्ज राहून गेला. आशा बरोबर माझ्या डोक्यावर बसून रडत होती आणि माझे दहा धागे रिकामे होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कंपनीने माझ्या शेजारीच नवा चर खणायला घेतला. खणायला भागीबाईच होती. माती उचलायला आशा.

"ह्यातून तरी मिळंल का आमाला?" आशाने विचारलं.

"नाही गं. ही पण टॉवरचीच," मुकादम म्हणाला.

आशाने पदर खोचला आणि घमेलं डोक्यावर घेतलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी असे नकाशे आखायला बसेल. तेव्हा एकच चर सगळ्यांसाठी खणा. आणि जिने तो खणला, तिच्या दाराशी आम्हाला थोडं थांबू द्या.