पाण्याचा फोटो

गोरक्षने कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला आणि चिमट्याने हलकेच हलवू लागला. लाल दिव्याखाली आधी पलीकडच्या काठावरची झाडं काळी पडली, मग पाण्यातले खडक. घोडनदी मात्र कोरीच राहिली, धुकं साचल्यासारखी.

बाहेर स्टुडिओच्या बाकावर धर्माजी बसले होते. सकाळीच आले होते.

"सुंदरा गेली त्या दिशी तुमी नदीला फोटू काढत व्हता म्हनं," ते म्हणाले होते. "घरात तिचा एकबी फोटू न्हाई. तुमच्यात आली आसंल तर द्या."

सुंदरा त्यांची बायको. पहाटे घरातून गेली आणि दुसऱ्या दिवशी कळंबच्या पुलाखाली सापडली. उतारातून जाताना पाय घसरला असेल, असं सगळे म्हणत होते.

गोरक्षने समजावून पाहिलं. लग्नाच्या फोटोसारखा हा फोटो नव्हे. भिंगावर काळी काच लावून शटर तीन-चार मिनिटं उघडं ठेवायचं. वाहतं पाणी मग सायीसारखं येतं. जे जागचं हलत नाही तेवढंच उमटतं, चालत्या माणसाची खूणही राहत नाही.

"बघा तरी," धर्माजी म्हणाले.

लग्नं आणि पासपोर्ट फोटोंवर गोरक्षचं घर चालायचं; पाण्याचे फोटो तो स्वतःसाठी काढायचा. त्या सकाळी शटर उघडून तो वर स्कूटरपाशी थर्मासमधला चहा प्यायला गेला होता. परत आला तेव्हा ऊन भिंगावर येऊ लागलं होतं. घाईने शटर मिटून त्याने सामान आवरलं. त्याला कुणी दिसलं नव्हतं. दुपारी धरणाचं पाणी सुटलं आणि खडकही बुडाले.

आता डावीकडचा सपाट खडक स्पष्ट होत गेला. त्यावर काहीतरी होतं. गोरक्षने भिंग घेतलं.

चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेल्या. त्यातल्या एकीत काळ्या मण्यांचा पुंजका. डोरलं.

चिमटा हातात तसाच राहिला. कागद काळा पडत गेला तरी त्याने तो उचलला नाही. आपण चहा ओतत होतो तेव्हा ती इथे वाकून हे ठेवत होती. हाक ऐकू गेली असती एवढ्या अंतरावर.

बऱ्याच वेळाने त्याने दुसरा कागद घेतला. खडक चौकटीबाहेर जाईल असा तो एन्लार्जरखाली सरकवला आणि एन्लार्जरचा दिवा लावला.

ओला फोटो धर्माजींनी दोन्ही हातांनी धरला.

"पानी येवडं शांत व्हतं?"

"नव्हतं. फोटोत तसं दिसतं."

"आन ती?"

"नाही आली, बाबा."

धर्माजींचं बोट पाण्यावरून डावीकडे सरकत गेलं आणि कागद संपला तिथे थांबलं.

"हितं सपाट खडक व्हता. मेंढरं धुवायला आमी तितंच उतरायचो."

"एवढाच आलाय फोटो."

धर्माजींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. गोरक्ष कोरडेच हात टॉवेलला पुसत राहिला.

"सापडली तवा गळ्यात डोरलं न्हवतं," धर्माजी म्हणाले. "पोलीस म्हनले, व्हावून गेलं आसंल." त्यांनी फोटोचा ओला कोपरा सरळ केला. "मेंढरं इकू नका म्हनली व्हती. मी इकली. तवापास्नं मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात जाऊन बसायची. हाक मारली तरी उठायची न्हाई."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, काचा थरथरल्या.

"आमची पुष्पा पोटुशी हाये. बाळातपनाला हितंच यील," धर्माजी म्हणाले. "आई घसरली, येवडंच तिला ठावं. ह्यो फोटू ती बघायला मागंल."

त्यांनी फोटो उपरण्यात अलगद गुंडाळला. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच उभे राहिले.

"येवडाच ऱ्हाऊ द्या, भाऊ," ते म्हणाले. "दुसरा काढू नका."