बोट आधी पाण्यात

कुरखेड्याच्या भातगिरणीत लटारू मिस्त्रीला लोक मानत, आणि तोही स्वतःला काही कमी मानत नसे. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. म्हणूनच भामरागडच्या लाकूडठेकेदाराची मोटरबोट उन्हाळ्यात बंद पडली तेव्हा त्याला बोलावणं आलं. त्यानं इंजिन उतरवलं, उकललं, बेअरिंगं बदलली, परत बोटीत बसवलं. इथवर काम चोख होतं. उरलं होतं ते इंजिन आणि पंख्याचा लांब दांडा एका रेषेत आणणं. दोघांच्या तोंडाला लोखंडी चकत्या असतात. त्या चारी बाजूंनी सारख्या टेकल्या पाहिजेत, नाहीतर दांडा थरथरत राहतो आणि मोडतो तो नेमका भर धारेत.

बोट काठावर ओंडक्यांवर चढवलेली होती. ती चालवणारा चैतू नदीपलीकडच्या गावचा माडिया. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "भाऊ, आधी इले पानीत टाक. रातभर भिजू दे, मंग जुळव. आमी डोंगे बी असेच भिजवतो."

"तुह्या नदीची पूजा मंग कर," लटारू हसला. "लोखंडाले पानी काय शिकवते?"

गिरणीतलं इंजिन सिमेंटच्या ओट्यावर असतं, आणि ओटा काही जागचा हलत नाही. वीस वर्षं तेच केलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी कसं! दोन दिवस खपून त्यानं ओंडक्यांवरच रेघ जुळवली, केसभर फरक राहू दिला नाही, आणि बिडी पेटवून स्वतःवरच खूश झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी झिंगू नावाचा पोरगेला गडी भोपळ्याच्या तुंब्यांवर पोहत इंद्रावती ओलांडून आला. चैतूच्या गावात पटकी शिरली होती. सात जण आडवे पडले होते, आणि चैतूची मुलगी मंगली पहाटेपासून. दवाखान्याचे डॉक्टर सलाईनच्या पेट्या घेऊन घाटावर आले, पण वरच्या डोंगरात पहिला पाऊस कोसळून नदी दोन्ही थड्या भरून धावत होती. तिच्यात पेट्यांनी भरलेला डोंगा घालणं म्हणजे जीव देणं. उरली ती मोटरबोट.

वीस माणसांनी ती पाण्यात लोटली. पेट्या चढल्या. निघण्याआधी लटारूनं सवयीनं चकत्यांच्या फटीत फट मोजायची पातळ पत्ती घातली. वर ती अडली. खाली मात्र सर्रकन आत गेली, आणि तिच्यावर दुसरी, तिसरीही गेली. उन्हाळाभर वाळलेलं लाकूड ओंडक्यांवर एका आकाराचं होतं, टेकू सुटून पाण्यावर तरंगताच दुसऱ्या आकाराचं झालं होतं. रेघ गेली होती.

"चला मिस्त्री, कशाची वाट बघता?" डॉक्टर म्हणाले.

चैतू सुकाणूशी उभा होता. तो लटारूच्या हातातल्या पत्तीकडे बघत होता.

फट कुणाला दिसली नसती. पैलतीर गाठेपर्यंत दांडा कदाचित टिकलाही असता. त्या कदाचितची लटारूला भीती वाटली, आणि लाजेपेक्षा ती भीती मोठी निघाली.

"नाई जाता येत," तो म्हणाला. "माहं चुकलं. पुन्हा जुळवा लागते. दोन घंटे तरी."

"अहो, तिकडे माणसं मरताहेत!"

चैतू सुकाणू सोडून पुढे आला. आता हा आपल्याला हाणतो, असं लटारूला वाटलं. चैतूनं पहार उचलली. "कुठून उचलू?"

चैतू पहारीनं इंजिन जरासं उचली, लटारू इंजिनाच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवी, बोल्ट आवळी, पत्ती घालून बघी. वर जुळलं की डावीकडे सुटे. एक वाहतं झाड बोटीवर आदळलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. डॉक्टर डब्यानं ते उपसत होते. लटारूची बोटं सोलली होती, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. मधेच पैलतीरावर ढोल वाजला. चैतूचे हात थांबले.

"कोनीतरी गेलं," तो म्हणाला, आणि पहार पुन्हा रोवली.

लटारूनं पुढचा पत्रा सरकवला. तीन तासांनी पत्ती चारी बाजूंना सारखी अडली. इंजिन लागलं, दांडा न थरथरता फिरू लागला. धारेतून जाताना लटारू चकत्यांवरून नजर न हलवता बसून होता.

मंगली जिवंत होती. डॉक्टरांनी तिच्या हातात सुई घातली आणि म्हणाले, "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." ढोल वाजला होता तो शेजारच्या पोचूसाठी.

दिवस कलताना मंगलीनं डोळे उघडून पाणी मागितलं. चैतूची बायको बुधरी लटारूसाठी पेज घेऊन आली. त्यानं भांडं बाजूला ठेवलं.

"चैतू," तो म्हणाला, "तुहं आयकलं असतं तर आपन सकाळीच आलो असतो. पोचू वाचला असता."

"मले मालूम आहे."

"मंग तवा काऊन नाई बोलला? मले चार शिव्या तरी देल्या असत्या."

चैतूनं पेजेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"शिव्या देल्या असत्या तर तुहा हात थरथरला असता, भाऊ. अन् माही पोरगी इकडं होती."