गाडी गेल्यावर

“पदर झटक आधी. कापूस लागेल हाय सारा,” म्हणत अख्तरीनं गीताबाईला मागच्या दारातून स्वयंपाकघरात ओढलं. “अन् आज काऊन आली वं तू? पाहुणी गेल्यावर ये म्हनलं होतं न?”

“कधी जाते थे पाहुणी?”

“आजच. दुपारी गाडी येऊन राह्यली.”

“मंग बसते मी. दीड महिना झाला, पोरगी पाह्यली नाई.”

अख्तरीनं मागचं दार लोटून घेतलं. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या या बालगृहात अकरा वर्षं ती मुलांचं न्हाणं-माखणं, जेवणखाण बघत होती. दर हिवाळ्यात परदेशातून एखादी मुलगी यायची, सहा आठवडे मुलांशी खेळायची आणि जाताना रडायची. इथली सगळी मुलं अनाथ आहेत, असं व्यवस्थापक रंगरावांनी तिकडच्या देणगीदारांना कळवलेलं. निम्म्यांच्या आया चांगल्या धडधाकट होत्या आणि बीटी कापसाची बोंडं एकदम फुटल्यामुळे गावोगाव वेचणीला धावत होत्या. तेवढं कळवायचं रंगरावांकडून राहूनच गेलं होतं म्हणा.

म्हणून नियम असा, की पाहुणी असताना आयांनी फिरकायचं नाही. चुकून कोणी आलीच, तर मुलानं तिला मावशी म्हणायचं. हे शिकवायचं काम अख्तरीचं. गीताबाईच्या चार वर्षांच्या करिष्माला तर तिनं रोज वेणी घालताना पोरीच्या ओठांवर बोट ठेवून शिकवलं होतं. पोरगी चुकली तर नाव कमी, असं रंगरावांनी बजावलेलं. गीताबाईचा नवरा सुरतेला गेला तो गेलाच. नाव कमी झालं असतं तर करिष्मा औषध फवारलेल्या शेताच्या बांधावर दिवसभर बसून राहिली असती.

“तांदूळ निवड. अन् तोंडातून शब्द काढू नको,” अख्तरीनं तिच्यापुढे सूप सरकवलं.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. पाहुणी मारिट निरोप घ्यायला आली होती, कडेवर करिष्मा, मागे रंगराव. करिष्मानं गीताबाईला पाहिलं. तिचे ओठ हलले. या अल्ला, ‘आई’ म्हणते आता, अख्तरीला वाटलं.

मारिट सहा आठवड्यांत थोडीफार मराठी शिकली होती. तिनं हसून विचारलं, “करिष्मा, ही कोण?”

“मावशी,” करिष्मा खणखणीत म्हणाली आणि मारिटच्या खांद्यावर गाल टेकवून पडली.

रंगराव हसले. अख्तरीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग गीताबाईकडे पाहिलं. तिचा हात सुपात थांबला होता. थोड्या वेळानं तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

अंगणात हार झाले, फोटो झाले, गाणं झालं. मारिट रडली. गाडी निघाली तशी करिष्मा तिच्या नावानं हंबरडा फोडत फाटकापर्यंत धावली. गीताबाईनं ते खिडकीच्या गजांतून पाहिलं.

“मले तं ओयखलंच नाई तिनं, अख्तरीबी.”

“ओयखलं वं. म्याच शिकवलं तिले.”

“येवढं चांगलं शिकवलं?”

आतापर्यंत अख्तरीला पोरगी ‘आई’ म्हणेल याची भीती होती. आता ती म्हणणारच नाही, अशी भीती वाटू लागली. रंगराव ऑफिसात गेल्याचं बघून तिनं करिष्माला उचलून आत आणलं आणि गीताबाईपुढे उभं केलं.

“गाडी गेली बेटा. आता म्हन. आई म्हन.”

करिष्मा हुंदके देत उभी राहिली. तिनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

“म्हन न वं, माय माही,” गीताबाईनं हात पुढे केला. बोंडांनी चिरलेली बोटं होती ती. करिष्मानं एक बोट धरलं. मग दुसरं. चिरांवरून अंगठा फिरवत राहिली, घरी झोपताना फिरवायची तसा. मग पुढे सरकून तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं आणि वर हाताचा आडोसा केला.

“आई.”

“मोठ्यानं म्हन, राजा. कोनी नाई आता.”

करिष्मानं नकारार्थी मान हलवली आणि आईच्या ओठांवर बोट ठेवलं. रोज वेणी घालताना अख्तरी ठेवायची, अगदी तसंच.