दहिसरच्या मंडपातली पाणबुडी

मी पाणबुडी बोलतेय. खरी नव्हे, प्लायवूडची. गेल्या गणपतीत दहिसरच्या एका मंडळाने देखाव्यासाठी मला बनवलं. काळा रंग, पाठीवर क्षेपणास्त्र, समोर निळ्या कापडाचा समुद्र आणि पलीकडे शत्रूचं पुठ्ठ्याचं शहर.

ते शहर मानसीने केलं. चित्रकला शिकणारी मुलगी. शत्रूच्या खिडक्यांतही तिने दोऱ्या बांधून इवलेसे कपडे वाळत घातले. मंडळाचा सेक्रेटरी देवेश वैतागला, "एवढं कशाला गं? जाळायचंच आहे ना!"

रोज लाउडस्पीकरवर माझी ओळख लागायची. "ही खोल समुद्रात दडून असते. शत्रूने अणुबॉम्ब टाकलाच, तर ही उलट मारा करेल. या धाकानेच तो गप्प बसतो."

म्हणजे मला वापरायची वेळ येऊ नये, म्हणूनच मी. पण वाक्य संपायच्या आत देवेश बटण दाबायचा. शहरात लाल दिवे, धूर. लोक शिट्ट्या मारत, कडेवरच्या पोरांचे हात धरून टाळ्या पिटत. तोंडात वडापाव कोंबून ओरडत, "परत एकदा!" मला शिसारी यायची.

एके संध्याकाळी देवेशने जानकीकाकूंना पुढे बोलावलं. मूळच्या मालवणच्या, शेजारच्या चाळीतल्या. त्यांचा मुलगा सुयोग नौदलात, खऱ्या पाणबुडीवर. सरहद्दीवर तणाव होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता.

"आज बटण दाबणार वीरमाता जानकीकाकू!"

काकूंचा चेहरा पडला. "वीरमाता कशाक रे? माझो झील जितो आसा."

"तसं नाही काकू... दाबा ना, पब्लिक थांबलंय."

"मी दाबूचंय नाय." काकूंनी पलीकडच्या पुठ्ठ्याच्या शहराकडे बोट केलं. "थयसून पण तसलांच इलां तर? माझो सुयोग मधीच आसा."

"गद्दार!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. बाकीचे हसले. काकू खाली मान घालून निघाल्या. मानसी त्यांच्यामागे धावली. देवेशने स्वतःच बटण दाबलं. इतक्या टाळ्या आधी कधीच पडल्या नव्हत्या.

दिवाळीत सुयोग सुखरूप घरी आला. काकूंना हसलेली तीच माणसं त्याच्यासोबत सेल्फी काढायला दारात उभी! काकूंनी दार लावून घेतलं. बरं केलं.

आता मी मंडळाच्या पत्र्याच्या शेडमागे पडलेय. कालच देवेश माझी मापं घ्यायला टेप घेऊन आला होता. यंदा दोन क्षेपणास्त्रं आणि जास्त धूर हवाय म्हणे.

वाचणाऱ्यांनो, माझं लाकूड अजून चांगलं आहे. कपाटाला फळ्या करा, कोंबड्यांचं खुराडं केलंत तरी चालेल. तुमच्या करमणुकीला मात्र मला पुन्हा उभी करू नका.